दहा बोटांवरचे रक्त

१

नऊ उत्तरपत्रिकांतले रक्त श्वास न घेताच हृदयात परतले होते.

पहिल्या उत्तरपत्रिकेत मला तो विसराळूपणा वाटला, दुसरीत योगायोग. तिसरी उघडली तेव्हा मी लाल पेनाला टोपण लावून ते बाजूला ठेवले, आणि उरलेल्या सहा नुसत्या डोळ्यांनी वाचल्या. शिक्षकांच्या खोलीत पंखा फिरत होता, तरी मानेवर घाम उतरत होता.

प्रश्न माझाच होता: शरीरातून आलेले रक्त हृदयातून फिरून पुन्हा शरीरात कसे जाते, ते क्रमाने लिहा. महाशिरा, उजवे अलिंद, त्रिदल झडप, उजवे निलय, फुप्फुस धमनी. इथवर सगळे बिनचूक. त्यानंतर फुप्फुसे यायला हवीत, कारण या साऱ्या प्रवासाचे प्रयोजनच ते आहे; तिथे रक्ताला प्राणवायू मिळतो. पण नऊही जणांचे रक्त धमनीतून थेट फुप्फुस शिरेत उतरले होते. तेच दहा टप्पे, तोच क्रम, तीच पोकळी.

हा प्रश्न पर्यायी होता. वर्गातल्या दहाच जणांनी तो सोडवला होता. दहावी उत्तरपत्रिका मी शेवटी उघडली. तिच्यात फुप्फुसे होती. ती उत्तरपत्रिका 'गाइड'ची होती.

गाइड हे मुलीचे टोपणनाव. जे इतरांना पुस्तकात शोधावे लागते ते तिच्या जिभेवर असे, म्हणून वर्गाने तिला ते बहाल केले होते. परीक्षेच्या सकाळी उत्तराचे मुद्दे जाड शाईच्या पेनाने चिठ्ठ्यांवर लिहून ती जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर चिकटवायची. परीक्षेच्या दालनाकडे जाणारा तो जिना अकरा पायऱ्यांचा. एकेक पायरी चढत, एकेक मुद्दा पुटपुटत पोरे वर जात आणि डोक्यातले सांडण्याआधी कागदावर ओतत. वर गेलेला परत खाली येत नसे. उतरताना वाचले की सगळे उलटे बसते, अशी त्यांची पक्की समजूत होती. घंटा झाली की मी चिठ्ठ्या काढून टाकी.

"नऊ जणांनी एकच चूक केली," मी मुख्याध्यापिकांना सांगितले.

त्यांनी दहाही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या. मग म्हणाल्या, "सर, प्रश्नपत्रिका तुम्ही काढलीत. आणि नेमकं तेच उत्तर आज सकाळी जिन्यावर होतं. आता मी काय समजायचं, ते तुम्हीच सांगा."

२

तक्रार परीक्षेच्या निरीक्षकबाईंकडे गेली. त्या बाहेरून आलेल्या, परीक्षेपुरत्या आमच्या शाळेत मुक्कामाला. गुडघे दुखरे, चष्मा गळ्यातल्या दोरीला, आणि प्रश्न विचारण्याची पद्धत बाजारात भाजी निवडल्यासारखी: उचलायचे, किंचित दाबायचे, खाली ठेवायचे.

"तुमचं म्हणणं काय?" त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारले.

"सरळ आहे. पेपर फुटला. मुलीला प्रश्न आधी कळला. तिनं बाकीच्यांना मुद्दाम अपुरं उत्तर दिलं आणि पूर्ण स्वतःकडे ठेवलं. पहिला नंबर सोडवत नाही हो हिला. आणि तिला प्रश्न कोणी सांगितला, हा पुढचा भाग."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते.

"बाकीच्या नऊ जणांचं काय करणार?"

"ताकीद. त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, एवढंच. हिला मात्र उद्या गणिताच्या पेपरला बसू देता येणार नाही. म्हणजे वर्ष गेलं. तुमचा अहवाल संध्याकाळच्या आत मिळाला, तर तसं लेखी कळवीन."

बाई माझ्याकडे वळल्या. "चिठ्ठ्या कुठेत?"

त्या अजून माझ्या खणातच होत्या. मी त्या टेबलावर क्रमाने मांडल्या. अकरा.

"अकरा," बाई म्हणाल्या. "म्हणजे फुप्फुसांची आहे."

"चिकटवलीच नसेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

बाईंनी ती सहावी चिठ्ठी उलटी केली. मागच्या डिंकाला जिन्याच्या पिवळ्या रंगाचे पापुद्रे चिकटलेले होते, इतर दहांसारखेच. चिकटवली होती. घंटेनंतर मीच ती ओढून काढली होती. फक्त तेव्हा मी वाचत नव्हतो, आवरत होतो.

मग त्यांनी चष्मा चढवला आणि सगळ्या चिठ्ठ्यांच्या खालच्या कडा पाहिल्या. दहांवर धुळीचे करडे ओरखडे होते.

"जिना आहे बाई," मी म्हणालो. "बुटांची टोकं लागणारच."

"हिला का नाही लागली?"

सहावी चिठ्ठी खाली स्वच्छ होती. मात्र तिच्यावरची निळी अक्षरे फिकट पडली होती, पुसट नव्हे, फिकट; जणू ओल्या शाईवर कोणी टीपकागद दाबून धरावा. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवले.

"जिन्यावर पाणी सांडलं होतं?"

"नाही."

"मग ही फुप्फुसं घामेजली कशानं?" असे म्हणून त्यांनी चिठ्ठी जागेवर ठेवली, आणि पहिल्या मुलाला बोलवायला सांगितले.

३

पहिला आला तो वर्गाचा कप्तान. उंच, केस पाणी लावून बसवलेले, आणि चेहऱ्यावर निर्दोष माणसाला न शोभणारा आत्मविश्वास.

"उत्तर तुझं पूर्ण आहे असं वाटतं तुला?"

"हो बाई. पैकीच्या पैकी." त्याने दोन्ही पंजे पसरून दाखवले. "दहा टप्पे, दहा बोटं. वर पोचलो तेव्हा शेवटची करंगळी मिटली. तिथेच कळलं की काही राहिलं नाही."

"आणि राहिलं असेल तर?"

त्याची बोटे हवेत थबकली. बाईंनी त्याला सांगितले. त्याने मनातल्या मनात पुन्हा मोजले. ओठ हलताना दिसत होते. मग कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"म्हणजे तिनं फसवलं आम्हाला."

"तुझी मैत्रीण आहे ना ती?"

"तिची मैत्री पुस्तकाशी असते बाई. आमच्याशी ती मुद्द्यापुरतं बोलते."

"सकाळी दिसली होती तुला?"

"नाही. चिठ्ठ्या होत्या म्हणजे आली असणार. आज उशिरा लावल्या तिनं. घंटा व्हायला आली होती आणि आम्ही सगळे एकदमच जिन्यात घुसलो. नुसती रेटारेटी. मी खाली मान घालून चढलो. इकडेतिकडे बघितलं की डोक्यातलं जातं."

त्याच्यामागून आलेल्या दोघींनीही तेच सांगितले, तीच खाली घातलेली मान. शेवटी जो आला त्याला वर्ग 'डुलकी' म्हणे. शेवटच्या बाकावर झोपायचे आणि परीक्षेच्या सकाळी सगळे पाठ करायचे, हा त्याचा नेम.

"तू वर्षभर काय करतोस रे?" बाईंनी विचारले.

"ताकद साठवतो."

मला हसू आवरावे लागले. बाईंना नाही, त्या मनमोकळेपणाने हसल्या, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न त्याला प्रश्नासारखा वाटला नाही.

"चढताना कुठे अडखळलास का?"

"अडखळलो नाही. वळणावर वळसा घातला फक्त."

आमचा जिना पाच पायऱ्या चढून एका सपाट जागेवर येतो, तिथे वळतो, आणि मग उरलेल्या सहा पायऱ्या वर जातात.

"वळसा कशाला?"

"कोणाचं तरी दप्तर पडलं होतं. भिंतीकडच्या बाजूला, वरच्या पायरीला टेकून. सगळेच बाजूनं जात होते."

"कसलं दप्तर?"

डुलकीने डोळे बारीक केले. प्रथमच तो पुरता जागा दिसला.

"निळं," तो म्हणाला. "म्हणजे... दप्तरच असेल ना बाई? मी नीट नाही बघितलं. मी त्या वेळी धमनीत होतो."

४

गाइडला ग्रंथालयाच्या खोलीत बसवले होते. तक्रार झाल्यापासून ती तिथेच होती. दुपार भट्टीसारखी तापली होती, तरी तिने शाळेचा विटकरी स्वेटर गळ्यापर्यंत ओढून घेतला होता, आणि पुढ्यात गणिताचे पुस्तक उघडे होते. उद्याचे दार बंद होत असताना ती उद्याचीच सूत्रे पुटपुटत होती. मला ते पाहवेना.

तिची आई नुकतीच पोचली होती. शिवणकाम करणारी बाई. पदराला अजून दोऱ्याचे तुकडे लटकत होते.

"पोरी, एवढ्या उकाड्यात स्वेटर कसला? काढ तो."

"असू दे गं आई."

"घामानं निथळतेयस. काढ म्हणते ना."

"मला थंडी वाजतेय."

आईचा हात मुलीच्या कपाळावर गेला आणि तिथेच राहिला. आवाज खाली आला. "परत तसं काही झालं नाही ना? खरं सांग."

"नाही."

"तसं म्हणजे कसं?" निरीक्षकबाईंनी हळूच विचारले.

"काही नाही हो. मागच्या वर्षी परीक्षेच्या वेळी हिला मधूनच धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, दम्याचं नाही, मनाचं आहे. ताण घेते. मी हिला बजावून ठेवलंय, परत असं झालं तर परीक्षा गेली खड्ड्यात, वर्षभर घरी बस. जीव महत्त्वाचा. पण आता बरी आहे. आहेस ना गं?"

मुलीने मान हलवली. पुस्तकावरची नजर काढली नाही.

"चिठ्ठ्या तू लिहिल्यास?" बाईंनी विचारले.

"हो."

"हाच प्रश्न का घेतलास? कोणी सांगितला होता?"

"कोणी नाही. दर वर्षी येतो तो. आणि जिन्याला अकरा पायऱ्या आहेत. अकरा टप्प्यांचं तेवढंच एक उत्तर होतं."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याची लाज वाटली. माझ्यावरचा संशय उडाला, तिच्यावरचा तसाच होता.

"मग फुप्फुसं त्यांना का दिसली नाहीत?"

तिने स्वेटरच्या बाह्या तळहातांवर ओढल्या.

"बाळ, मुख्याध्यापिका म्हणतात तू मुद्दाम केलंस. तू काही बोलली नाहीस तर मला तसंच लिहावं लागेल."

"लिहा," ती म्हणाली.

आई ताडकन उभी राहिली. "लिहा काय? अगं, तोंड उघड. वर्ष जाईल तुझं."

"तसंही जाईल," मुलगी म्हणाली, इतके हळू की ते आईला नव्हे, पुस्तकाला सांगितल्यासारखे वाटले.

बाहेर आल्यावर निरीक्षकबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "ऐकलंत ना? बोलली नाही तरी जाईल, बोलली तरी जाईल. असं कधी होतं, सर?"

मी मागे वळून बंद दाराकडे पाहिले.

"चिठ्ठ्या घ्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या नऊ जणांना जिन्यापाशी बोलवा. मला गुडघ्यांची परीक्षा द्यायचीय."

५

मी सकाळच्याच जागी अकरा चिठ्ठ्या पुन्हा डकवल्या. नऊ मुले खाली उभी होती, मुख्याध्यापिका हाताची घडी घालून एका बाजूला. उन्हाची तिरकी पट्टी जिन्यावर पडली होती.

"मी पुढे जाते," बाई म्हणाल्या. "हाक मारली की तुम्ही या, मुख्याध्यापिकाबाई. चढताना मुद्दे मोठ्यानं वाचा, सकाळी ही पोरं वाचत होती तसे."

"मी भाषा शिकवते. मला त्यातलं काही कळत नाही."

"तेच हवंय. घोकताना कोणाला काय कळतं?"

मुख्याध्यापिका चढू लागल्या. वळणाआड त्या दिसेनाशा झाल्या, आवाज येत राहिला. "महाशिरा. उजवे अलिंद. त्रिदल झडप. उजवे निलय. फुप्फुस धमनी." क्षणभर पावले अडली, कापड घासल्याचा आवाज झाला. "फुप्फुस शिरा. डावे अलिंद. द्विदल झडप. डावे निलय. महाधमनी. झालं."

खाली कप्तानाने दोन्ही हात वर धरले होते. दहा बोटे मिटली होती.

आम्ही सगळे वळणापर्यंत गेलो. निरीक्षकबाई तिथे जमिनीवर बसल्या होत्या, गुडघे पोटाशी, पाठ वरच्या भागातल्या पहिल्या पायरीला टेकलेली. त्यांनी कप्तानापुढे हात केला, त्याने त्यांना उठवले, आणि त्यांच्या पाठीमागून सहावी चिठ्ठी प्रकट झाली.

फुप्फुसे.

"सकाळी इथे माणूस बसलं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून या चिठ्ठीला एकाही बुटाची धूळ नाही. पाठ घामानं ओली होती, म्हणून शाई उतरली. आणि तुम्ही वाटेतलं दप्तर समजून वळसा घातलात. अकरातला एक गेला, दहा उरले, बोटांवर चपखल बसले. कोणाला शंका यायचं कारणच उरलं नाही."

"पण बसलं कोण होतं?" मुख्याध्यापिकांनी वरून विचारले. त्यांचा आवाज निम्मा झाला होता.

डुलकी भिंतीकडे पाहत होता. "निळं," तो पुटपुटला. मग त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या मुलींच्या गणवेशावर गेली. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट. त्याने तोंडावर हात ठेवला.

"नाव घेऊ नकोस," बाई म्हणाल्या. "तो अधिकार तिचा आहे. जा आता सगळे."

६

ग्रंथालयाच्या खोलीत आम्ही पाचच जण होतो. बाईंनी दार लोटले.

"मला फक्त स्वेटर काढून दाखव," त्या मुलीला म्हणाल्या. "बोलायचं नसेल तर बोलू नकोस."

तिने आईकडे पाहिले. मग अतिशय सावकाश, जणू कातडी सोलावी तसा, तिने तो डोक्यावरून काढला आणि पाठमोरी झाली. पांढऱ्या शर्टाच्या मधोमध निळ्या शाईची अक्षरे उमटली होती, आरशात पाहावीत तशी उलटी.

आईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"शेवटची चिठ्ठी लावून खाली आले," मुलगी भिंतीकडे तोंड करूनच बोलू लागली. "वळणापर्यंत. आणि श्वास येईना. म्हणून बसले. मग घंटेची वेळ झाली आणि सगळे आले."

"कोणाला हाक नाही मारलीस?"

"आवाज निघत नव्हता. एकाचा पाय धरायला हात पुढे केला, पण तो गेला. सगळे माझंच लिहिलेलं म्हणत होते. महाशिरा, उजवे अलिंद... माझ्या अंगावरून चाललं होतं सगळं. ते ऐकत बसले. ऐकता ऐकता कधीतरी श्वास लागला परत. मग उठले, पाठ ओली होती म्हणून दप्तरातला स्वेटर घातला, आणि पेपर लिहिला."

"आणि फुप्फुसं?"

"ती मला कोणी वाचून दाखवली नाहीत," ती म्हणाली. "ती मला येतच होती."

मला सकाळ आठवली. दालनाच्या दाराशी मी तिला पेपर दिला होता. तिचे केस कपाळाला चिकटलेले होते, आणि मी "शुभेच्छा" म्हणून पुढच्या मुलाकडे वळलो होतो. मीही त्या वेळी उत्तरपत्रिका मोजत होतो.

मुख्याध्यापिका काहीतरी बोलायला गेल्या, शब्द सापडला नाही, आणि त्या भाषा शिकवत असल्यामुळे ते अधिकच जाणवले. अखेर त्या आईला म्हणाल्या, "तिच्यावर काही ठपका नाही. उद्या तिला पेपरला बसता येईल. पण निर्णय तुमचा आहे."

मुलगी वळली. दिवसभरात तिच्या चेहऱ्यावर जे नव्हते ते आता होते: उघडी, नागवी भीती. "आई, घरी नको ठेवूस. तू म्हणाली होतीस म्हणून मी सांगितलं नाही. मला नापास व्हायची भीती नाही वाटत गं. सगळे पुढे जातील आणि मी तिथेच बसून राहीन, त्याची वाटते."

आईने स्वेटर उचलला, उलटा झाला होता तो सुलटा केला, बाह्या सरळ केल्या, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मी घरी बसवीन म्हणाले, ते तू घाबरून सांगावंस म्हणून," ती म्हणाली. "तू घाबरून लपवलंस. मलाच शिवण उसवायला हवी." तिने स्वेटरची घडी मुलीच्या हातात दिली. "उद्या मी जिन्याखाली बसेन. पेपर संपेपर्यंत. धाप लागली तर उठून खाली यायचं, पेपर गेला चुलीत. कबूल?"

"कबूल."

निरीक्षकबाईंनी अहवाल तिथेच लिहिला. त्यांनी मला वाचायला दिला तेव्हा मी शेवटचे वाक्य दोनदा वाचले: 'प्रश्नपत्रिका फुटलेली नाही. परीक्षार्थी वाटेत बसलेल्या सहाध्यायिनीला न पाहता पुढे गेले, एवढेच घडले आहे.'

"एवढेच?" मी विचारले.

"गुन्हा म्हणून एवढंच," त्या म्हणाल्या. "बाकीच्याला अहवालात रकाना नसतो."

फुप्फुसांचा अर्धा गुण मी नऊही जणांचा कापला. कोणी तक्रार करायला आले नाही.

७

दुसऱ्या सकाळी जिन्यावर गणिताची सूत्रे होती, या खेपेला दोन-तीन वेगवेगळ्या अक्षरांत. गाइडची आई खालच्या पायरीशेजारी स्टुलावर, मांडीवर डबा घेऊन. मी वरच्या कठड्यापाशी उभा होतो आणि वेळ जवळ येत चालली तसा माझाच श्वास आखूड होत होता.

मुले आली. मान खाली, ओठ हलते, तीच घाई. गाइड त्यांच्यात होती. वळणावर ती थांबली, भिंतीला हात लावला, आणि खाली बसली. मी कठडा घट्ट धरला. खाली तिची आई उभी राहिली.

मागून येणारा डुलकी अडखळला. ओठांवरचे सूत्र त्याने अर्ध्यात सोडले.

"हे दप्तर कोणाचंय रे इथे?" तो मोठ्याने म्हणाला. मग तिच्या शेजारी बसकण मारली. "सरक की जरा. मला पण जागा लागते."

त्याच्यामागे रांग थांबली. कोणीतरी "चला ना" म्हणाले आणि कोणीतरी त्याला गप्प केले. कप्तान दोन पायऱ्या वर गेला होता. तो उलटा उतरला, सगळ्या समजुतींविरुद्ध, आणि पाण्याची बाटली पुढे धरून उभा राहिला.

घंटा झाली. कोणी हलले नाही. तिचे खांदे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. जिन्यात एवढी माणसे असून त्या एका श्वासाचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला.

"चला," ती म्हणाली.